घोडा स्वतः का थांबत नाही?

लांब पल्ल्याच्या घोडेशर्यतींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अहो, घोडा मुका असला तरी मूर्ख नाही. दमला की आपणच थांबेल." ऐकताक्षणी पटतं. आपण दमलो की बसतो, तहान लागली की पाणी शोधतो, मग घोड्याचं वेगळं काय असणार? पण घोडं नेमकं इथेच पेंड खातं. तहान त्याला वेळेवर लागत नाही, आणि थकवा किंवा वेदना जाणवली तरी तो ती सहसा दाखवत नाही. एका दिवसात ८० ते १६० किलोमीटर अंतर कापायच्या ज्या शर्यतींना एन्ड्युरन्स म्हणतात, त्यांत घोड्यांचे जे हाल होतात त्यातल्या बऱ्याच हालांचं मूळ हे आहे. म्हणून आधी घोड्याचं शरीर समजून घेऊ. ते कळलं की शर्यतीचे नियम आणि त्यावरचे वाद समजायला वेळ लागत नाही.

घाम आणि न लागणारी तहान

पळताना स्नायूंत जी ऊर्जा खर्च होते तिचा जेमतेम पाव भाग, कधी त्याहूनही कमी, प्रत्यक्ष पळण्याच्या कामी येतो. बाकीची सगळी उष्णता. साडेचारशे किलोच्या देहात ही उष्णता तासन्‌तास तयार होत राहते आणि ती बाहेर काढली नाही तर घोडा आतून भाजून निघेल. कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून तोंडाने धापा टाकायची सोय त्याला नाही, कारण घोडा श्वास फक्त नाकाने घेतो. त्यामुळे त्याची सगळी भिस्त घामावर. गरम हवेत पळणारा घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो.

तंगाखाली म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली, मानेवर लगाम घासतो तिथे, मागच्या मांड्यांच्या मध्ये जो पांढरा फेस दिसतो तो तुम्ही पाहिला असेल. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं एक प्रथिन असतं, ते साबणासारखं काम करतं. त्याच्यामुळे घाम केसांत थेंबाथेंबाने अडकून न राहता पातळ थरासारखा पसरतो आणि लवकर वाळतो. निसर्गाने केलेली ही व्यवस्था फार सुंदर आहे. पण तिची किंमत घोडा मिठात मोजतो.

माणसाचा घाम चवीला खारट लागत असला तरी आपल्या रक्तापेक्षा तो बराच अळणी असतो. म्हणजे घामावाटे पाणी जास्त जातं, मीठ कमी जातं. मागे उरलेलं रक्त त्यामुळे हळूहळू खारट होत जातं. मेंदूतलं तहानेचं केंद्र ह्याच खारटपणावर नजर ठेवून असतं. रक्त जरा खारट झालं की आपला घसा कोरडा पडतो.

घोड्याचा घाम मात्र त्याच्या रक्ताइतकाच, किंबहुना त्याहून जास्त खारट असतो. पाणी जातं तसं मीठही त्याच प्रमाणात जातं. पिंपातलं खारं पाणी तोटीतून सोडलं तर पिंप रिकामं होतं, उरलेल्या पाण्याची चव बदलत नाही. घोड्याच्या रक्ताचंही तसंच होतं. रक्त कमी होतं, घट्ट होतं, पण त्याचा खारटपणा फारसा वाढत नाही. तहानेच्या केंद्राला खबरच लागत नाही. वीस-तीस लिटर द्रव गमावलेला घोडा पाण्याच्या बादलीसमोर उभा राहतो, तोंड लावतो, दोन घोट घेतो आणि मान वळवतो. आणि बघणाऱ्यांना वाटतं, त्याला नको असेल.

ह्यावरचा एक उपाय ऐकायला उलटा वाटतो. दमलेल्या घोड्याला पहिलं पाणी किंचित खारट दिलं तर तो नंतर साधं पाणीही जास्त पितो, असं प्रयोगांत दिसलं आहे. नुसतं गोडं पाणी दिलं तर रक्त अळणी होतं आणि होती नव्हती ती तहानही मरते. म्हणूनच जाणते स्वार शर्यतीच्या आदल्या दिवसापासून क्षार देतात, आणि वैरण भरपूर खाऊ घालतात. घोड्याच्या मोठ्या आतड्यात भिजलेल्या वैरणीसोबत पाणी आणि क्षारांचा मोठा साठा राहतो आणि तो वाटेत कामी येतो.

आतून काय बिघडतं

मीठ म्हणजे नुसतं सोडियम नव्हे. घामातून क्लोराइड, पोटॅशियम, थोडं कॅल्शियमही जातं. ह्या क्षारांचा तोल गेला की नसा आणि स्नायू भलतेच वागू लागतात. त्याचं सगळ्यात विचित्र रूप म्हणजे घोड्याची कूस उडायला लागते. छातीतून जाणारी एक नस श्वासाच्या पडद्याला, म्हणजे डायफ्रामला, हुकूम देते. ती नस हृदयाला अगदी खेटून जाते. एरवी तिला हृदयाच्या धडधडीचं काही वाटत नाही, पण कॅल्शियम आणि क्लोराइड कमी झाले की ती इतकी हळवी होते की हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी चमकते आणि पडदा आखडतो. उचकी लागल्यासारखी कूस उडत राहते, श्वासाशी तिचा काही मेळ नाही, ठोक्याशी मात्र पक्का. बरगड्यांमागे हात ठेवला तर धक्का तळव्याला लागतो. एकट्या ह्या लक्षणाने घोडा मरत नाही, पण त्याचा अर्थ स्पष्ट असतो. ह्या घोड्याची आजची दौड संपली.

आतड्यांची कथा जास्त गंभीर आहे. पळताना रक्ताची मागणी दोन ठिकाणी असते, काम करणाऱ्या स्नायूंत आणि थंड व्हायला बघणाऱ्या कातडीत. आधीच कमी झालेलं रक्त तिकडे वळवलं की पोटाच्या वाट्याला फार थोडं उरतं. आतडी मंदावतात, मग गप्प होतात. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलेलं वर यायचा मार्ग बंद असतो. कळा सुरू होतात. उपाशी पडलेल्या आतड्याची भिंत कमजोर होऊन जंतूंची विषारी द्रव्यं रक्तात उतरली तर त्याचा फटका कधी कधी थेट खुरांना बसतो. खुराच्या आतला जो नाजूक थर अख्ख्या घोड्याचं वजन पेलतो तोच सुजतो. शर्यत संपून गेलेली असते, घोडा तबेल्यात उभा असतो, आणि त्याला पाऊल टाकवत नाही.

स्नायूंचंही तसंच. ते आखडतात, दगडासारखे टणक होतात, त्यांच्या पेशी फुटून आतलं रंगद्रव्य रक्तात येतं आणि लघवी कॉफीसारखी गडद होते. ही द्रव्यं गाळताना मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, विशेषतः अंगात पाणी कमी असताना.

हे सगळं होत असताना घोडा पळत का राहतो? एक कारण वर आलंच, आतली धोक्याची सूचना त्याला उशिरा मिळते. दुसरं कारण त्याच्या जातीच्या इतिहासात आहे. घोडा हा कळपातला, शिकार होणारा प्राणी. उघड्या माळावर जो लंगडताना दिसला त्याच्यावर आधी झडप पडायची. म्हणून दुखणं लपवणं आणि कळपाबरोबर राहणं हे त्याच्या रक्तात मुरलेलं आहे. पुढे दहा घोडे धावताहेत, मागून टापा ऐकू येताहेत, अशा वेळी तो मागे राहायला तयार होत नाही. त्याला आपण "जिगर" म्हणतो आणि कौतुक करतो. मला ह्या शब्दाची भीती वाटते. ज्याला आपण घोड्याची जिद्द समजतो ती पुष्कळदा त्याची मागे पडण्याची भीती असते.

पाय

आंतरराष्ट्रीय मोठ्या शर्यतींत सुरुवात करणाऱ्या घोड्यांपैकी ढोबळमानाने निम्मेच शेवटपर्यंत पोचतात. बाद होणाऱ्यांत सर्वांत मोठा गट लंगडणाऱ्यांचा असतो. आतल्या बिघाडामुळे बाद होणारे संख्येने कमी, पण त्यांचा धोका मोठा.

हाड म्हणजे दगड नाही. ते जिवंत असतं, रोज झिजतं आणि रोज भरून निघतं. जोरात पळताना घोड्याच्या पुढच्या पायाच्या नळीच्या हाडावर त्याच्या वजनाच्या दुपटीहूनही अधिक भार क्षणभर येतो. असे हजारो क्षण एका दौडीत येतात. त्यातून हाडात सूक्ष्म भेगा पडतात. हे अनैसर्गिक नाही, शरीर त्या भेगा बुजवतं आणि हाड आधीपेक्षा मजबूत करतं, फक्त त्याला आठवडे लागतात. वाईट म्हणजे बुजवण्याआधी शरीर खराब झालेला भाग पोखरून काढतं. त्या मधल्या काळात हाड आधीपेक्षा कमजोर असतं. नेमक्या त्याच दिवसांत घोड्याला पुन्हा भरधाव सोडलं तर भेग भेगेला मिळते. मग एका पावलाला, काही अडखळायचं कारण नसताना, पाय मोडतो. पाहणाऱ्याला तो अपघात वाटतो. खरं तर तो कित्येक आठवडे आधी सुरू झालेला असतो.

म्हणूनच दोन शर्यतींमधली सक्तीची विश्रांती हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे, आणि सगळ्यात कमी लक्ष वेधून घेणारा. वयाचाही प्रश्न ह्याच्याशी जोडलेला आहे. सपाट मैदानावरच्या शर्यतीत दोन-तीन वर्षांचे घोडे पळवले जातात. एन्ड्युरन्सच्या वरिष्ठ जागतिक अजिंक्यपदाला घोडा किमान ८ वर्षांचा लागतो, ही ह्या खेळाची जमेची बाजू.

डॉक्टरांचा दरवाजा

डॉक्टरी तपासणीशिवाय लांब दौड म्हणजे काय, हे १८९२ साली युरोपने पाहिलं होतं. त्या वर्षी जर्मन आणि ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यांनी बर्लिन आणि व्हिएन्ना ह्या शहरांदरम्यान, सुमारे ५८० किलोमीटरची दौड लावली. जिंकणाऱ्या ऑस्ट्रियन सरदाराने ते अंतर ७१ तासांहून थोड्याच जास्त वेळात कापलं. त्याचा घोडा ॲथॉस त्यानंतर लवकरच मेला. इतरही बरेच घोडे मेले आणि त्यावरून तेव्हाच मोठी ओरड झाली.

आजच्या एन्ड्युरन्सचा पाया १९५५ साली कॅलिफोर्नियात घातला गेला. वेंडेल रॉबी नावाच्या गृहस्थांनी सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून ऑबर्न गावापर्यंत १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, एका दिवसात जाऊन दाखवलं. तीच पुढे टेव्हिस कप झाली. अमेरिकेतल्या ह्या खेळाचं ब्रीद आहे, "पूर्ण करणं म्हणजेच जिंकणं." टेव्हिस कपला २४ तासांची मुदत असते आणि पूर्ण करणाऱ्याला चांदीचं बक्कल मिळतं. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने, म्हणजे एफईआयने, १९७८ मध्ये एन्ड्युरन्सला आपल्या खेळांत घेतलं आणि १९८६ साली रोममध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली.

आजच्या पद्धतीत शर्यतीचे टप्पे पाडलेले असतात, एकही टप्पा ४० किलोमीटरहून मोठा नाही. प्रत्येक टप्प्यानंतर व्हेट गेट, म्हणजे पशुवैद्यांची तपासणी. टप्पा संपवून आत आल्यावर साधारण १५ मिनिटांच्या आत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ६४ वर किंवा त्याखाली आले पाहिजेत. उभ्या, शांत घोड्याचे ठोके २८ ते ४४ असतात आणि जीव खाऊन पळताना ते २२० च्या पुढे जातात, हे लक्षात घेतलं की ६४ चा अर्थ कळतो. ठोके उतरले नाहीत तर घोडा बाद.

डॉक्टर पुढे काय बघतात ते एकदा सावकाश पाहण्यासारखं आहे. ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबतात. दाबलेली जागा पांढरी पडते. अंगठा काढल्यावर तिथे गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. उशीर झाला म्हणजे रक्ताचा पुरवठा तोकडा पडतोय. मानेच्या, खांद्याच्या कातडीला चिमटा काढून सोडतात. कातडी लगेच सपाट न होता तंबूसारखी उभी राहिली तर अंगात पाणी उरलेलं नाही. कुशीवर स्टेथोस्कोप लावून आतड्यांचा गुरगुराट ऐकतात. तिथे शांतता असणं वाईट. मग पाठीवरून, खोगिराच्या आणि तंगाच्या जागेवरून हात फिरवतात, कुठे अंग चोरतो का ते बघत. शेवटी लगाम सैल सोडून घोड्याला ४० मीटर दुडक्या चालीने नेतात आणि परत आणतात. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा मान वर झटकतो. मागचा दुखत असेल तर पुठ्ठ्याची एक बाजू जास्त उडते.

ह्या दुडक्या चालीत आणखी एक खुबी आहे. पळवण्याआधी ठोके मोजतात आणि पळायला सुरुवात केल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजतात. ठणठणीत घोड्याचे ठोके त्या एका मिनिटात जवळजवळ मूळ आकड्यावर येतात. ते बरेच वर राहिले, म्हणजे आधी ६० होते आणि आता ७२ आहेत, तर ६४ ची परीक्षा पास होऊनही हा घोडा आतून रिकामा झालाय. घोडा जे बोलत नाही ते डॉक्टर असं त्याच्याकडून वदवून घेतात.

आणि म्हणून, निम्मे घोडे बाद होतात ह्या आकड्याने लगेच दचकू नये. बाद होणं म्हणजे वेळेवर थांबवलं जाणं. चिंता वेगळीच आहे. इतके घोडे थांबवावे लागतात ते का? आणि जे थांबवायला हवे होते ते किती निसटतात?

वेग

व्हेट गेट ही व्यवस्था डोंगरदऱ्यांतल्या वाटांसाठी बनली होती. तिथे चढ-उतार, दगड, नाले ह्यांमुळे घोडा आपोआप हळू चालतो. स्वारही पुष्कळदा उतरून सोबत धावतात. टेव्हिस कपचे विजेते १०-११ तास आणि बऱ्याचदा त्याहून जास्त वेळ घेतात. नंतर हा खेळ आखाती देशांत गेला. तिथे सपाट, खास तयार केलेले वाळूचे मार्ग, मोठी बक्षिसं, आणि घोड्यामागे पाणी घेऊन धावणाऱ्या मोटारी. १६० किलोमीटर सात तासांच्याही आत होऊ लागले. म्हणजे सरासरी ताशी २३-२४ किलोमीटरच्या वर, आणि शेवटच्या टप्प्यात तर थेट भरधाव. तपासणी तीच राहिली, पण ज्याची तपासणी करायची ती गोष्टच बदलली.

वेगाने तिहेरी नुकसान होतं. उष्णता जास्त वेगाने तयार होते. हाडांवरचा भार वाढतो. आणि दोन तपासण्यांच्या मधल्या काळात, म्हणजे जिथे कोणी डॉक्टर नाही तिथे, सगळं बिघडायला लागणारा वेळ कमी होतो. गेटवर ठीक दिसलेला घोडा अर्ध्या तासात कोसळू शकतो.

ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी एफईआयच्या हजारो नोंदी तपासल्या. त्यातून एक गोष्ट पुढे आली ती मला फार मोलाची वाटते. ज्या घोड्याला गेटवर ठोके खाली आणायला जास्त वेळ लागला, आणि जो आधीचा टप्पा जास्त वेगाने पळला होता, तो पुढच्याच टप्प्यात बाद होण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे तपासणी पास की नापास एवढंच बघू नये, किती मिनिटांत पास झाला तेही बघावं. ठोके ६४ वर यायला एका घोड्याला ३ मिनिटं लागली आणि दुसऱ्याला १४. कागदावर दोघेही सारखेच पास. दुसऱ्याचं शरीर मात्र ओरडून काही सांगतंय.

इथेच बर्फाच्या पाण्याचा मुद्दा येतो. टप्पा संपला की सोबतची माणसं घोड्यावर थंडगार पाणी ओततात. त्याने घोड्याला अपाय होतो, स्नायू आखडतात, हा जुना समज खोटा आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी झालेल्या अभ्यासांनी तो खोडून काढला. तापलेल्या घोड्यावर भरपूर गार पाणी ओतणं हेच त्याला वाचवण्याचं पहिलं काम. पण पाण्याने ठोके झपाट्याने उतरतात आणि कातडीखालची झीज मात्र तशीच राहते, हेही खरं. घोड्याला बरं वाटावं म्हणून ओतलेलं पाणी आणि त्याला गेटमधून पार करण्यासाठी ओतलेलं पाणी एकाच बादलीतलं असतं.

आवाज दाबणं

घोडा आधीच कमी बोलतो. त्याचा उरलासुरला आवाजही बंद करणं ही ह्या खेळातली सर्वांत काळी बाजू. पायाच्या नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन दिलं की त्याखालचा भाग दुखत नाही. लंगडणारा घोडा सरळ चालू लागतो, दुडक्या चालीची परीक्षा पास होतो, आणि भेग पडलेल्या हाडावर पूर्ण जोर देऊन पळतो. दुखणं ही हाडाला मिळालेली एकमेव ढाल. ती काढून घेतली की पुढचं ठरलेलंच.

ऑक्टोबर २०१६ मध्ये फ्रान्समधल्या फोंतेनब्लो इथे कॅसलबार कॉन्ट्राबँड नावाच्या घोड्याच्या पुढच्या पायाचं नळीचं हाड शर्यतीत मोडून बाहेर आलं आणि त्याला तिथेच मरण द्यावं लागलं. शवविच्छेदनात त्याच्या पायांवर इंजेक्शनांच्या खुणा सापडल्या. प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि २०२० मध्ये त्याच्या स्वारावर २० वर्षांची बंदी आली. पाय बधिर केलेला घोडा ओळखण्यासाठी एफईआयने आता शर्यतीच्या ठिकाणी पायांची संवेदना तपासायची पद्धत सुरू केली आहे.

त्याआधी जानेवारी २०१५ च्या अखेरीस अबू धाबीजवळच्या अल वथबा इथे स्प्लिटर्स क्रीक बंडी ह्या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय मोडले. ते छायाचित्र जगभर फिरलं. मार्चमध्ये एफईआयने संयुक्त अरब अमिरातीच्या महासंघाला निलंबित केलं, जुलैमध्ये अटी घालून निलंबन उठवलं. पण २०१६ ची जागतिक स्पर्धा दुबईकडून काढून घ्यावीच लागली. ती स्लोव्हाकियात शामोरिन इथे झाली.

हे फक्त वाळवंटापुरतं आहे असं कुणी समजू नये. १२ सप्टेंबर २०१८ रोजी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या ट्रायऑन इथे जागतिक स्पर्धेत सकाळी काही स्वारांना चुकीच्या वाटेने पाठवलं गेलं. शर्यत थांबवून ती १६० ऐवजी १२० किलोमीटरची करून पुन्हा सुरू केली. त्यात दिवस चढला, पाऊस पडून गेला आणि हवा दमट झाली. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. अंग थंड होत नाही आणि पाणी-मीठ मात्र जातच राहतं. अखेर शर्यत रद्द करावी लागली. दुसऱ्यांदा सुटलेल्या ९५ घोड्यांपैकी ५३ घोड्यांवर उपचार करावे लागले, त्यातले ५२ आतल्या बिघाडासाठी. न्यूझीलंडचा २० वर्षांचा बराक ओबामा नावाचा घोडा मूत्रपिंडाच्या विकारामुळे वाचला नाही, त्याला मरण द्यावं लागलं. तिथे नियम होते, गेट होतं, जगातले चांगले पशुवैद्य होते. त्यांनी शर्यत थांबवली म्हणून आकडा तेवढ्यावर राहिला. पण इतके घोडे आजारी पडेपर्यंत शर्यत चालू द्यावीच का, हा प्रश्न तिथे उपस्थित झाला आणि तो रास्त होता.

काय बदलता येतं

उत्तर वाळवंटातच सापडलं, ही ह्या सगळ्यातली आशेची गोष्ट. अबू धाबीत बुथैब इथे शेख सुलतान बिन झायेद अल नहयान यांच्या पुढाकाराने वेगळ्या नियमांच्या शर्यती सुरू झाल्या. टप्प्यांना ताशी २० किलोमीटरची वेगमर्यादा. गेटवर ठोके ६४ ऐवजी ५६. आणि बक्षिसांत सर्वांत आधी पोचण्यापेक्षा घोड्याच्या प्रकृतीला मान. वाळू तीच, ऊनही तेच. फक्त स्वाराला हळू जाण्यात फायदा दिसू लागला.

५६ आणि ६४ मध्ये फक्त आठ ठोक्यांचा फरक आहे, पण शर्यतीची सगळी चाल त्याने बदलते. दमवून आणलेला घोडा ६४ वर ओढूनताणून येतो, ५६ वर यायला त्याला खरोखर सावरावं लागतं. म्हणून स्वार गेटच्या दोन किलोमीटर आधीच वेग कमी करतो, खाली उतरतो, घोड्याला चालवत आणतो. कुणी त्याला उपदेश करावा लागत नाही.

एफईआयनेही २०२० पासून नियम कडक केले. ताशी २० किलोमीटरच्या वर सरासरी ठेवणाऱ्या घोड्याला पुढच्या शर्यतीआधी जादा दिवस घरी बसावं लागतं. हाडांबद्दल वर जे सांगितलं ते आठवलं तर हे जादा दिवस म्हणजे शिक्षा वाटणार नाही. तो भेगा बुजण्याचा वेळ आहे. माझं म्हणणं, ह्याहून एक पाऊल पुढे जावं. गेटवर ठोके उतरायला किती मिनिटं लागली हा आकडा प्रत्येक घोड्याच्या नोंदीत राहावा, पुढच्या शर्यतीत डॉक्टरांच्या समोर असावा, आणि त्यावरून डॉक्टरांना घोडा थांबवता यावा. त्याला नवं यंत्र लागत नाही, ही मिनिटं आजही मोजली जातातच.

शर्यत पाहायला गेलात, किंवा पडद्यावर पाहिलीत, तर शेवटच्या रेषेपेक्षा गेटकडे बघा. घोड्याचे कान कुठे आहेत ते बघा. हिंडणारे, आवाजाकडे वळणारे कान असलेला घोडा अजून जगात आहे. कान बाजूला पडलेले, डोळे समोर बघत असून काहीच न बघणारे, वैरण पुढे असून तोंड न लावणारा घोडा, त्याचे ठोके ६४ असले तरी, पुढे जायला नको.

टेव्हिस कपमध्ये पहिल्या क्रमांकाच्या करंडकाखेरीज आणखी एक मान आहे, हॅगिन कप. तो १९६४ पासून दिला जातो. पहिल्या दहांत आलेले घोडे रात्रभर विश्रांती घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डॉक्टरांसमोर येतात. पुन्हा हिरड्या, पुन्हा कातडीचा चिमटा, पुन्हा सैल लगामावर दुडकी चाल. आदल्या रात्री कोण किती मिनिटं आधी पोचलं होतं हे तिथे निर्णायक नसतं. ज्या घोड्याची प्रकृती सगळ्यांत उत्तम, त्याला तो करंडक मिळतो, आणि त्या खेळातले कित्येक जुने स्वार पहिल्या क्रमांकापेक्षा ह्याच सकाळच्या करंडकाची आस धरून वर्षभर घोडा तयार करतात.